विसर्जनानंतर सांगणार होते

आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका निघते आहे. तिच्यात 'सुखी सहजीवनाचे रहस्य' या विषयावर मी दोन पानं लिहावीत, असं चिटणीसांनी फोनवर सुचवलं. मागे एका गणेशोत्सवात मंडळानं आम्हा नवरा-बायकोला 'आदर्श दांपत्य' म्हणून शाल-श्रीफळ दिलं होतं, म्हणून मला विचारलं असणार. "वहिनी, जरा गोड लिहा, वाचून लोकांना उमेद यायला हवी," असंही ते म्हणाले. मी हो म्हटलं. पण गोड लिहायला बसले तर पेन पुढे सरकेना. गेल्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर झाला, आणि त्या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळलं ते कॅन्सरनं नाही, माझ्या आदर्श नवऱ्यानं. तेव्हा लिहायचं तर तेच लिहिते. छापायचं की नाही ते मंडळानं बघावं.

ज्या घरात आत्ता असं काही चाललं असेल, त्या घरातल्या बाईनं हे वाचावं. तिच्या नवऱ्यानं तर आधी वाचावं.

*

ग्वाल्हेरच्या नया बाजारात आमचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. मुख्य काम ब्लाउजचं. पडद्यामागे मी बायकांची मापं घेते आणि आतून आकडे सांगते, बाहेर आमचे हे लिहून घेतात. कापायचं काम ह्यांचं, शिवायचं माझं. लग्न झालं तेव्हापासून असंच चालू आहे. ह्यांचा हात अतिशय सफाईचा, पण कापडाला कात्री लावायच्या आधी हे मला पुन्हा विचारतात आणि शंका असेल तर मी गिऱ्हाइकाला पुन्हा फोन करते. गळा किती खोल, पाठ उघडी की बंद, बाही कुठपर्यंत. कापलेलं कापड परत जोडता येत नाही, हे दुकानात आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

बाजारात सगळ्यांना वाटतं की जाधव आणि जाधव भाभी कधी भांडत नाहीत. भांडतो. फक्त आमचं भांडण हिंदीत होतं. मराठीत मी ह्यांना 'अहो' म्हणते, आणि 'अहो' म्हटलं की पुढे ओरडता येत नाही. म्हणून आवाज चढला की आम्ही दोघं हिंदीवर येतो, आणि शेजारच्या दुकानदारांना वाटतं की कापडाच्या एजंटाशी बोलणं चाललंय.

*

श्रावणात अंघोळ करताना मला डाव्या बाजूला गाठ लागली. मी त्याच दिवशी ह्यांना सांगितलं. हे लक्षात ठेवा, मी त्याच दिवशी सांगितलं. सर्जनकडे गेलो, त्यांनी सुई घालून तपासणीला पाठवलं. रिपोर्ट आणायला हे एकटेच गेले. "तू दुकान बघ, मी पटकन घेऊन येतो," म्हणाले. आले ते हातात इमरतीचा पुडा घेऊन. सणवार नसताना, काही कारण नसताना, ह्या माणसानं घरी मिठाई आणलेली मला आठवत नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"साधी गाठ आहे," हे म्हणाले. "काढून टाकायची. डॉक्टर म्हणाले, घाई काही नाही. आपल्या महालक्ष्म्या होऊन जाऊ देत."

मी विश्वास ठेवला. ज्याच्या हाती मी लोकांची कापडं बिनदिक्कत देते, त्याच्या शब्दावर का नाही ठेवणार.

इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात त्यांना आम्ही ग्वाल्हेरचे लोक महालक्ष्मी म्हणतो. आमच्याकडे उभ्या असतात, साड्या नेसवून, दागिने घालून. पहिल्या दिवशी आणायच्या, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा नैवेद्य आणि संध्याकाळी हळदीकुंकू, तिसऱ्या दिवशी विसर्जन. मी थोरली सून, त्यामुळे सगळं माझ्या हातून होतं. दर्पण कॉलनीतून धाकटे दीर आणि जाऊ संध्या येतात, चार कामं करतात, बाकी चुलीपाशी मी.

त्या वर्षी मात्र सगळ्यांच्या वागण्यात काहीतरी निराळंच होतं. संध्या मला पाण्याची बादली उचलू देईना. माझी बहीण इंदूरहून न कळवता आली. कित्येक वर्षांत सणाला आली नव्हती ती, म्हणाली, "असंच, आठवण आली." माझी मुलगी मयूरी मोबाईल घेऊन माझ्या मागे मागे. मी पुरण वाटतेय तर व्हिडिओ, मी महालक्ष्मीला नथ घालतेय तर व्हिडिओ. आणि हे सारखे विचारत होते, दमलीस का, बसतेस का. मला इतकं बरं वाटलं. मनात म्हटलं, इतकी वर्षं राबल्यावर आता कुठे या घराला माझी किंमत कळली. मी भाबडेपणानं खूश होते आणि ते सगळे मला खूश बघत होते, हे आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

*

माझं निदान मला डॉक्टरनं सांगितलं नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बाईनं सांगितलं.

मागच्या गल्लीतल्या एक भाभी आहेत, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना मी कुंकू लावलं, तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "आपकी हिम्मत को मानना पड़ेगा, जाधव भाभी. कैंसर में भी इतना सब अपने हाथ से."

मी विचारलं, "किसको कैंसर है?"

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या मागे उभ्या असलेल्या संध्याकडे बघितलं. संध्यानं मान खाली घातली. मला कळायचं ते कळलं.

मी भाभींची ओटी भरली. तेवढ्यातही भरली, कारण बाई दारी आली होती आणि तिचा काही दोष नव्हता. मग मागच्या खोलीत गेले. तिथे हे खाली बसून नारळ सोलत होते.

"अहो, मला कॅन्सर आहे?"

ह्यांनी नारळ खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

म्हणजे आहे. मी तशीच उभी राहिले. हे उठले, माझ्या खांद्याला हात लावायला लागले, मी मागे सरकले.

"उद्या विसर्जन झालं की सांगणार होतो," हे म्हणाले.

तिथून मी हिंदीवर आले. "पूरे मोहल्ले को मालूम है, और मुझे नहीं? मेरा ही शरीर है कि किसी और का?" संध्या धावत आली, "ताई, हळू, बाहेर बायका बसल्यात." मी तिला विचारलं, तुला कधी कळलं. ती म्हणाली, ज्या दिवशी रिपोर्ट आला त्या दिवशी. माझ्या बहिणीला? तिलाही. मयूरीला? दोन दिवसांनी. "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, ताई. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हाय खाल्ली असती. सण कसा झाला असता? आणि वाटलं, की या वर्षी तरी तुमच्या हातून सगळं नीट होऊन जाऊ दे."

"या वर्षी तरी म्हणजे?"

संध्यानं पदर सावरला. मी मयूरीला विचारलं, "तू व्हिडिओ कशाला काढत होतीस?"

ती रडायलाच लागली. "मम्मी, काकू म्हणाली, यादगार रहेगा."

म्हणजे या लोकांनी मला मनात पोचवून टाकलं होतं. माझ्या हातच्या शेवटच्या पुरणपोळ्या खाऊन घेत होते, आणि मी वाढत होते. ज्या घरानं माझ्याशिवाय कधी पडदासुद्धा बदलला नाही, त्या घरानं माझ्या मरणाची बैठक माझ्याशिवाय उरकली.

लोक विचारतात, कळल्यावर आधी भीती वाटली का. नाही. भीती नंतर आली आणि भरपूर आली. आधी राग आला. इतका आला की पुढे अनेक दिवस मला रडायला जागाच मिळाली नाही. त्या रागाचे मी उपकार मानते.

*

दुसऱ्या दिवशी मी महालक्ष्म्यांना दहीभाताचा नैवेद्य दाखवला, अक्षता टाकल्या, त्यांची रीतसर बोळवण केली. मग ह्यांच्या कपाटातून माझा रिपोर्ट काढला, ऑटो केली आणि एकटी डॉक्टरांकडे गेले.

"आपके पति नहीं आए?" डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला.

"बीमारी मेरी है," मी म्हटलं. "जो उनको बताया है, वही मुझे बताइए."

डॉक्टर जरा अवघडले. "देखिए, हम तो फैमिली के हिसाब से चलते हैं. भाईसाहब ने ही कहा था कि अभी इनको मत बताइए." मी रिपोर्ट त्यांच्यासमोर सरकवला. मग मात्र त्यांनी नीट समजावलं. माणूस वाईट नव्हता. गाठ कशी आहे, काय काय करता येईल, पुढे औषधं कशी असतील, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "मैंने तो उसी दिन कहा था, जितनी जल्दी हो सके ऑपरेशन करवा लीजिए. आप लोगों ने ही टाल दिया."

आम्ही लोकांनी. मी ऑटोत बसले आणि घरापर्यंत तेवढंच घोकत आले. डॉक्टर 'घाई काही नाही' असं बोललेच नव्हते. ते वाक्य ह्यांनी घरी येता येता, बहुतेक इमरतीच्या दुकानासमोर उभं राहून, स्वतः तयार केलं होतं.

त्या संध्याकाळी दुकानाचं शटर आतून ओढून आम्ही भांडलो. म्हणजे मी भांडले. मी म्हटलं, एखाद्या अनोळखी बाईचा पाठीचा गळा किती खोल ठेवायचा हे तुम्ही दोनदा विचारता. तिचं चार रुपयांचं अस्तर बिघडू नये म्हणून तुम्ही रात्री फोन लावायला सांगता. आणि माझ्या छातीत काय आहे, ते कधी काढायचं, आधी काढायचं की पुरणपोळ्या लाटून झाल्यावर काढायचं, हे मला एकदाही विचारलं नाहीत. मी तुमच्या गिऱ्हाइकापेक्षाही गेलेली का?

ह्यांनी शटरची कडी पुन्हा तपासली. मग म्हणाले, "आईला सांगितलं होतं. आठवतं ना तुला? ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी तिनं ताट बाजूला सारलं. परत नीट जेवली नाही ती. डॉक्टर म्हणाले होते वर्षभर काढेल, महिनासुद्धा काढला नाही. मीच सांगितलं होतं तिला."

मला आठवत होतं. सासूबाईंना मीच भरवायचे. ह्या माणसाच्या मनात ते इतकं रुतून बसलंय हे मात्र मला माहीत नव्हतं. एका क्षणापुरतं मला वाईटही वाटलं. पण मी ते सोडून दिलं नाही.

"मी तुमची आई नाही," मी म्हटलं. "मी तुमची बायको आहे."

*

मला वाटलं होतं, एवढं भांडल्यावर काहीतरी सुधारेल. झालं भलतंच. हे गप्प झाले.

ऑपरेशनची तारीख मिळाली ती पितृपक्षात. दिरांचा फोन आला, पितृपक्षात कुणी शुभकार्य करतं का, नवरात्रात करू. मी म्हटलं, हे शुभकार्य नाही, ऑपरेशन आहे, आणि एका सणापायी झालं तेवढं पुरे झालं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं."

डॉक्टरांनी माझ्यासमोर दोन मार्ग ठेवले. फक्त गाठ काढून नंतर रेडिएशनचा शेक घ्यायचा, किंवा संपूर्ण स्तन काढायचा. माझ्या बाबतीत दोन्ही चालण्यासारखं होतं. विचार करून सांगा म्हणाले. मी घरी येऊन ह्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

"तुझी इच्छा."

"माझी इच्छा मी बघते. तुम्हाला काय वाटतं ते विचारतेय."

"तू ठरवशील ते बरोबर."

हातात जेवणाचा डबा होता, तो भिंतीवर आपटावासा वाटला. मी ह्यांना म्हटलं होतं की मला विचारा. मी असं नव्हतं म्हटलं की तोंडाला कुलूप लावून माझ्या मागे पिशवी घेऊन चाला. आधी ह्यांनी एकट्यानं सगळं ठरवलं, आता सगळं माझ्या एकटीवर टाकलं. दोन्ही वेळी मी एकटीच होते. फरक एवढाच की आता लोक म्हणत होते, बघा, नवरा किती ऐकतो हिचं.

नवऱ्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. 'तुझी इच्छा' म्हणणं म्हणजे समजूतदारपणा नाही. ते पळ काढणं आहे. माणूस घाबरलेला असतो तेव्हा त्याला हो म्हणणारा नको असतो, बरोबर डोकं लावणारा हवा असतो.

मी पूर्ण काढायचं ठरवलं. सही केली. एकटीनं.

*

हॉस्पिटलमध्ये मी चिडलेलीच होते, उगाच खोटं कशाला बोलू. पहाटे फिनेलच्या वासानं जाग यायची. मग बेडशीट बदलायला बाई यायची, मग डॉक्टरांचा राउंड. तरुण डॉक्टर माझ्या पलंगापाशी उभे राहून ह्यांना विचारायचे, "इनको दर्द है? इनका पेट साफ हुआ?" मी जागी, मी डोळे उघडे ठेवून समोर, आणि विचारतायत ह्यांना. मी पलंगावरून उत्तर द्यायचे, "इनको दर्द है. और इनका पेट साफ नहीं हुआ." एक डॉक्टर हसला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं थेट मला विचारायला सुरुवात केली. बाकीचे काही सुधारले नाहीत.

एक सिस्टर होती, दुपारच्या पाळीची. ड्रेसिंगला हात लावण्याआधी ती दरवेळी विचारायची, "आंटी, खोलूँ?" मी हो म्हणेपर्यंत थांबायची. त्या सगळ्या दिवसांत मला सर्वांत बरं वाटलं असेल तर तेवढ्या थांबण्यानं.

घरी सोडताना काखेजवळून एक नळी आणि तिला लावलेली पिशवी बरोबर दिली होती. आतलं पाणी त्यात जमायचं. ती सकाळ-संध्याकाळ रिकामी करायची, मापून ठेवायची. ते काम ह्यांनी केलं. हात धुऊन, अगदी जपून, एक थेंब इकडे-तिकडे न सांडता. पण भिंतीकडे बघत. पिशवीपुरती नजर खाली यायची आणि परत भिंतीवर. माझ्या छातीकडे हे बघत नव्हते. आयुष्यभर मापाचं काम केलेला माणूस, आणि बायकोच्या अंगाकडे बघायला तयार नाही.

एके सकाळी मी म्हटलं, "बघा."

"नको."

"मी रोज आरशात बघते. मला पर्याय नाही. तुम्हीही बघा."

ह्यांनी बघितलं. आणि मग जे झालं त्याची मला मुळीच कल्पना नव्हती. हा शांत माणूस एकदम ओरडला, हिंदीत. "क्या देखूँ? यही देखूँ कि मैंने देर कर दी? रोज यही देखता हूँ. आँख बंद करके भी यही दिखता है." मग सगळं बाहेर पडलं. डॉक्टरांना एकट्यानं जाऊन विचारून आले होते, की मधल्या त्या दिवसांमुळे काही फरक पडला का. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. तेव्हापासून हे काही ठरवायलाच घाबरत होते. "तुम पूछती हो मेरी राय क्या है. एक बार राय दी थी न मैंने. देख लो क्या हुआ."

कथेत असतं तर इथे मी त्यांचे डोळे पुसले असते. मी नाही पुसले. त्यांनी उशीर केला होता आणि ते खरं होतं, त्याला मी नाही कशी म्हणू. मी म्हटलं, "हाँ, देर की आपने. मैं भूलूँगी नहीं. लेकिन अब आगे की बोलिए. चुप रहकर क्या मुझे अकेले मारना है?"

हे पलंगाच्या कडेला बसले. पिशवी अजून हातातच होती. नाक पुसून मराठीत म्हणाले, "मला वाटतं, कीमो इथंच घ्यावी. दिल्लीला नको. तुला एवढा प्रवास झेपायचा नाही."

"मला दिल्लीच बरी वाटते," मी म्हटलं.

"तुला काय कळतं? उलट्या करत ट्रेनमध्ये बसणार आहेस का?"

"आणि तुम्हाला फार कळतं?"

त्यावर आम्ही जे भांडलो, ते गॅसवरचं दूध उतू जाऊन जळाल्याचा वास येईपर्यंत. मयूरी धावत वर आली. तिला वाटलं काय झालं. आम्ही दोघं लालबुंद होऊन बसलेलो, आणि मला आजारपणात पहिल्यांदा भूक लागली होती. शेवटी ग्वाल्हेरच ठरलं. ह्यांचं म्हणणं मला पटलं म्हणून ठरलं, हेही सांगून टाकते.

*

कीमो हिवाळ्यात झाली. आमच्याकडे हिवाळ्यात भेटायला येणारा प्रत्येक माणूस गजक, म्हणजे तीळगुळाची खुसखुशीत वडी, घेऊन येतो, आणि मला तिळाच्या नुसत्या वासानं मळमळायचं. कपाटात गजकच्या डब्यांचा ढीग लागला. केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. रागाचा मात्र केसही गेला नाही. मी दलियाची वाटी फेकली आहे. मी संध्याला फोनवर नको ते बोलले आहे. ती बिचारी तरी येऊन माझे पाय चेपून गेली, आणि मी तिलाही अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

हेही चिडायला शिकले. एकदा मी कितव्यांदा तरी म्हटलं, मी गेले म्हणजे तुम्हाला कळेल. त्यावर ह्यांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे पुन्हा बोलायचं नाही. तू आजारी आहेस म्हणून मी काय काहीही ऐकून घेईन?" आणि चपला घालून सराफ्याच्या बाजूला निघून गेले. तासाभरानं परत आले. मी ते पुन्हा बोलले नाही. त्यांचं बरोबर होतं.

बरं वाटायचं त्या दिवशी मी डोक्याला रुमाल बांधून खाली दुकानात बसायचे. मी नसले की बायका मापं द्यायला कचरतात. पडद्यामागून आकडे सांगताना माझा आवाज मधेच तुटायचा. हे बाहेरून विचारायचे, "काय म्हणालीस?" मी पुन्हा सांगायचे. वर नेऊन झोपवू का, असं ते विचारायचे नाहीत. मी नको म्हणणार हे त्यांना कळलं होतं. कधी कधी मात्र मुद्दाम म्हणायचे, "आज तुझा चेहरा बरा दिसत नाही, माझ्या मते वर जावंस." मी जायचे किंवा जायचे नाही. पण ते स्वतःचं मत सांगायचे.

आता लोक विचारतात, माफ केलं का? नाही केलं. ते दिवस माझे होते, ते ह्यांनी मला न विचारता खर्च केले. त्यांना हे माहीत आहे की मी माफ केलेलं नाही, आणि तरी ते रोज माझ्यासमोर बसून जेवतात. मग संसार सुखाचा आहे का? तर आहे. मंडळाला रहस्य हवं असेल तर माझ्याकडे एवढंच आहे की एकमेकांपासून लपवू नका, आणि स्वतःचं मत गिळू नका. भांडण झालं तर होऊ द्या. मला दु:खापासून वाचवायला निघालेल्या माणसानं मला जेवढं दु:ख दिलं, तेवढं शत्रूनं दिलं नसतं.

*

लेख इथेच संपवणार होते. पण या आठवड्यात एक झालं.

ठरावीक तपासणीचा स्कॅन होता. रिपोर्ट हल्ली मोबाईलवर येतो, आणि नंबर ह्यांचा दिलेला आहे. दुपारी मी पडद्यामागे एका मुलीचं माप घेत होते. तिचं लग्न ठरलंय. पडद्याशी ह्यांचा आवाज आला. हे पडद्याजवळ कधी येत नाहीत, इतक्या वर्षांत एकदाही आले नव्हते.

"सुनंदा, बाहेर ये."

"माप घेतेय."

"ये म्हणतोय ना."

मी टेप गळ्यात टाकून बाहेर आले. ह्यांचा चेहरा पांढराफटक. मोबाईल माझ्यासमोर धरला. "आत्ता आलाय. फुफ्फुसात छोटा डाग दिसतोय म्हणे. अजून तपासायला सांगितलंय. मी कुणाला फोन नाही केला. डॉक्टरांनाही नाही. आधी तुझ्याकडे आलो."

मी काउंटरला धरलं. आणि मग, माझा स्वभावच तो, मी चिडले. "थोड़ा रुकते नहीं बनता था? अंदर लड़की खड़ी है."

"नहीं बनता था," हे म्हणाले. मग मराठीत, अगदी हळू, "मला भीती वाटतेय."

हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आईच्या वेळी नाही, माझ्या ऑपरेशनच्या वेळी नाही.

"मलाही," मी म्हटलं.

आम्ही तसेच उभे राहिलो. बाहेर बाजार चालू होता, कुणीतरी दुकानात डोकावून गेलं. आतून त्या मुलीचा आवाज आला, "आंटी, हाथ नीचे कर लूँ?" ती बिचारी तेव्हापासून हात वर करून उभी होती.

"कर ले बेटा," मी म्हटलं. "आ रही हूँ."

सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. डाग जुना असेल, साधा असेल, किंवा नसेल. तो कसला आहे ते मला माहीत नाही. ह्यांनाही माहीत नाही, एवढी माझी खात्री आहे.